मुलीला लस कधी द्यायची, आणि आईचं काय? – वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरच्या लसीबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ज्यांचं उत्तर एका ओळीत होतं ते एका ओळीतच दिलंय.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, आत्ता १२ पूर्ण होतील. मुलांच्या डॉक्टरांनी एचपीव्हीची लस घ्या म्हणून सांगितलं. घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या हा आजार लग्न झालेल्या बायकांचा ना, मग एवढ्याशा पोरीला आत्ता कशाला, लोक काय म्हणतील. मलापण कळेना की खरंच एवढी घाई आहे का. – लातूर

ताई, घाई आहे, आणि सासूबाई जे बोलल्या ना त्यातच त्याचं कारण आहे. आजार लग्नानंतरचा आहे म्हणूनच लस लग्नाच्या कितीतरी आधी द्यायची असते.

हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. शरीरसंबंधातून, त्वचेला त्वचा लागून तो पसरतो, आणि तो इतका कॉमन आहे की संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात एकदा तरी होऊन जातो, कळतसुद्धा नाही. यात कुणाच्या चालचलनाचा काही संबंध नाही, एकाच नवऱ्याशी आयुष्यभर प्रामाणिक राहिलेल्या बाईलाही होतो. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप काढून टाकतं. थोड्या जणींच्यात मात्र तो वर्षानुवर्षं चिकटून बसतो, पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बिघडवत जातो, आणि १०-२० वर्षांनी तिथे कॅन्सर उभा राहतो. म्हणजे ४५ व्या वर्षी रक्तस्राव होतोय म्हणून जी बाई आमच्यासमोर येऊन बसते तिला इन्फेक्शन बहुतेक विशी-पंचविशीतच झालेलं असतं. लस हे इन्फेक्शन होऊच देत नाही, पण एकदा झालेलं ती काढू शकत नाही. मग ती कधी द्यायची हे तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे ९ ते १४ या वयात शरीर लसीला फार छान प्रतिसाद देतं, मोठ्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त अँटीबॉडीज तयार होतात, म्हणून या वयात डोस कमी लागतात आणि पैसेही कमी.

राहिलं लोक काय म्हणतील. आपल्याकडे बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बी म्हणजे ब प्रकारच्या काविळीची लस देतात, ती कावीळसुद्धा रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरते, पण आजवर एकाही आजीने बाळाला ही कशाला असं विचारलेलं मी ऐकलं नाही. सासूबाईंना कॅन्सरची लस आहे एवढंच सांगा, त्यात खोटं काहीच नाही. आणि त्यांना शांतपणे विचारा की त्यांच्या माहितीत, भावकीत, माहेरी कुणी बाई पिशवीच्या कॅन्सरने गेली का. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि ७५ हजारांहून जास्त बायका त्याने जातात, त्यामुळे बहुतेक घरांत एखादं नाव निघतंच. ते नाव निघालं की आज्या स्वतः नातीला घेऊन येतात, असं मी बघितलंय.

प्रश्न : आमच्या डॉक्टरांनी दोन डोस सांगितले. बहीण म्हणते तिकडे एकच देतात. नक्की खरं काय? एक डोस कमी पडला तर? – सोलापूर

दोघंही बरोबर आहेत. आणि या एका डोसच्या गोष्टीत तुमच्या जिल्ह्याचा मोठा वाटा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००९ साली भारतात मोठा अभ्यास सुरू झाला, १० ते १८ वयाच्या अविवाहित मुलींना दोन डोस पुरतात का तीनच लागतात ते बघायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यामागे होती आणि देशभरातल्या केंद्रांमध्ये पुणं होतं, आपलं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही होतं. २० हजार मुली घ्यायच्या असं ठरलं होतं. पण एप्रिल २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून देशात गदारोळ झाला (तो काय ते पुढे येईलच) आणि सरकारने एचपीव्ही लसीचे सगळेच अभ्यास थांबवले. तोवर साडेसतरा हजारांहून जास्त मुलींना निदान पहिला डोस मिळाला होता. कुणाचे तीन पूर्ण झाले, कुणाचे दोन, आणि हजारो मुलींचा एकच डोस होऊन तिथेच राहिला.

कुणालाही वाटलं असतं की अभ्यास गेला पाण्यात. पण संशोधकांनी या मुलींना सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहिले, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींनाही शोधून काढलं, तपासलं. आणि १० वर्षांनी जे हाती आलं ते कुणी अपेक्षाही केली नसेल असं होतं. १६ आणि १८ नंबरचे एचपीव्ही हे सगळ्यात घातक, जगातले ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांमुळेच होतात, आणि त्यांचं चिकटून बसणारं इन्फेक्शन एकच डोस मिळालेल्या मुलींमध्येही ९५ टक्क्यांच्या आसपास अडलं होतं, दोन आणि तीन डोसवाल्यांइतकंच. हे २०२१ मध्ये छापून आलं. आफ्रिकेतल्या अभ्यासांतूनही तसंच दिसलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयाला एक डोसही चालेल असं जाहीर केलं. आज जगातल्या कितीतरी देशांत मुलींना एकच डोस देतात, त्यामागे बार्शीच्या आसपासच्या गावांतल्या या मुलीसुद्धा आहेत, मला याचा फार अभिमान वाटतो.

मग तुमचे डॉक्टर दोन का म्हणतात? कारण आपल्याकडे लसीच्या मंजुरीत ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन आणि १५ पासून पुढे तीन असं लिहिलंय, आणि स्वतःच्या खर्चाने एकेका मुलीला देताना डॉक्टर त्याप्रमाणे जातात. परवडत असेल तर दोन द्या. एकाचेच पैसे आहेत म्हणून थांबला असाल तर थांबू नका, तो एक देऊन टाका. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या मुलींना मात्र एकावर भागत नाही, त्यांना तीन.

प्रश्न : कोणती कंपनी चांगली? किमतीत खूपच फरक आहे. – नाशिक

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२२ मध्ये मंजूर झाली आणि २०२३ पासून बाजारात आहे, एक डोस साधारण दोन हजारांच्या आतबाहेर पडतो. गार्डासिल आपल्याकडे २००८ पासून आहे, ती त्याच्या दुप्पटीच्या आसपास. या दोन्ही चार प्रकारच्या एचपीव्हीवर चालतात, ६, ११, १६ आणि १८, त्यातले १६-१८ कॅन्सरचे आणि ६-११ जननेंद्रियावरच्या चामखिळींचे. गार्डासिल ९ मध्ये आणखी पाच प्रकार वाढवलेत पण ती दहा हजारांच्या घरात जाते. माझं मत विचाराल तर महागडीसाठी पैसे जमेपर्यंत दोन वर्षं थांबण्यापेक्षा चार प्रकारांची आज घ्या, मोठा धोका १६-१८ चाच आहे. आधी सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे विचारा की सरकारच्या लसीकरण मोहिमेत तुमच्या मुलीचं वय बसतंय का, बसत असेल तर तिथेच घ्या, लस फुकट आहे म्हणून हलकी नसते.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलंय की या लसीने मुलींना पुढे मूल होत नाही, आणि आंध्रात मुली मेल्या होत्या म्हणून सरकारने बंद केली होती. हे लपवलं जातंय का? – जळगाव

लपवायचं काही नाही, सगळं सांगते.

२००९ मध्ये खम्मम जिल्ह्यात (तेव्हाचा आंध्र, आता तेलंगण) आणि गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात पाथ या अमेरिकन संस्थेने आयसीएमआर (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) आणि राज्य सरकारांना सोबत घेऊन १० ते १४ वयाच्या हजारो मुलींना ही लस दिली. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले आणि प्रकल्प थांबवला. चौकशी झाली तेव्हा कुणी पाण्यात बुडाली होती, कुणाला साप चावला होता, कुणी कीटकनाशक प्यायली होती, कुणाला मलेरिया झाला होता. लसीने मृत्यू झाला असं निघालं नाही.

पण त्या प्रकल्पात जे चुकलं ते खरंच चुकलं होतं आणि ते मी झाकणार नाही. मुली गरीब घरच्या, बऱ्याच आदिवासी, आश्रमशाळेत-हॉस्टेलवर राहणाऱ्या, आणि कितीतरी फॉर्मवर आईबापाच्या जागी वॉर्डनने सही केली होती. आईबापाला न विचारता पोरीला सुई टोचायची हे कुठल्याच लसीच्या बाबतीत चालणार नाही, लस कितीही चांगली असो. संसदेच्या समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले ते योग्यच झालं. वाईट हे की चूक परवानगी घेण्यात होती आणि बदनाम लस झाली, आणि त्यात पुढची कितीतरी वर्षं गेली. २०१० मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज संसार करतेय, तिची लसीची वेळ हातातून गेली.

हेच सिक्कीमने कसं केलं बघा. २०१८ मध्ये त्यांनी ९ ते १३ वयाच्या मुलींना शाळाशाळांतून लस दिली, पण त्याआधी शिक्षकांशी, पालकांशी, स्थानिक पत्रकारांशी, सगळ्यांशी बोलून घेतलं, शंका मिटवल्या, आणि ९५ टक्क्यांहून जास्त मुलींनी लस घेतली.

मूल न होण्याबद्दल. या लसीत जिवंत व्हायरस नसतो, मेलेलासुद्धा नसतो, व्हायरसच्या वरच्या कवचासारखं दिसणारं प्रोटीन तेवढं असतं. ते दंडात टोचलं की शरीर त्याची ओळख ठेवतं आणि पुढे खरा व्हायरस आला की अडवतं. अंडाशयाशी, पाळीशी त्याचा काही संबंध येत नाही. ऑस्ट्रेलियात २००७ ला शाळेत ही लस घेतलेल्या मुली आज तिशीच्या आसपास आहेत, त्यातल्या कित्येक आया झाल्यात. उलट वंध्यत्व येतं ते कॅन्सरमुळे, कारण तो झाला तर पिशवी काढावी लागते नाहीतर रेडिएशन द्यावं लागतं.

अफवेची किंमत काय असते ते जपानला विचारा. तिथे २०१३ मध्ये मुलींना दुखणी होतात अशा बातम्यांवरून सरकारने लसीची शिफारस मागे घेतली, ७० टक्क्यांच्या आसपास मुली लस घेत होत्या त्या १ टक्क्याच्याही खाली आल्या, आणि शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडलं. लसीत दोष काही सापडला नाही. मधल्या मुलींपैकी काहींना पुढे हा कॅन्सर होणार आहे आणि तो टळला असता, डॉक्टर म्हणून मला हे फार लागतं.

फॉरवर्ड करणाऱ्याला माझं हे उत्तर फॉरवर्ड करा.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे, दोन मुलं. मुलीला लस देणार आहेच, पण मीसुद्धा घेऊ का? – ठाणे

तुमच्यासारखी पत्रं सगळ्यात कमी येतात, आया मुलींचं विचारतात आणि स्वतःचं विसरतात, म्हणून तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं.

लस ४५ पर्यंत घेता येते, गार्डासिलला तशी मंजुरी आहे. पण संसार सुरू होऊन इतकी वर्षं झाल्यावर फायदा बराच कमी होतो. तुमच्याकडे पैसे मोजके असतील तर ते मुलीच्या लसीला द्या आणि स्वतःची तपासणी करून घ्या, तुमच्या वयाला ती जास्त कामाची आहे.

तपासणी तीन प्रकारची असते. पॅप स्मिअर बऱ्याच जणींना माहीत आहे, छोट्या ब्रशने पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन लॅबमध्ये बघतात, दर ३ वर्षांनी करायची. एचपीव्ही टेस्ट सगळ्यात भरवशाची, यात व्हायरसच आहे का ते बघतात, निगेटिव्ह आली की ५ वर्षं तरी निश्चिंत. आणि तिसरी व्हीआयए, सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या बायकांना मोफत असते.

व्हीआयएला बायका उगाच घाबरतात म्हणून सांगते काय करतात ते. टेबलावर झोपवतात, पाय दुमडून घ्यायला सांगतात, वर चादर असते. आतलं नीट दिसावं म्हणून स्पेक्युलम नावाचं साधन घालतात, तेव्हा गार लागतं आणि थोडा ताण जाणवतो, अंग सैल सोडलं तर दुखत नाही. मग कापसाच्या बोळ्याने पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड पिशवीच्या तोंडाला लावतात, जरासं चुरचुरतं. एक मिनिट थांबतात आणि टॉर्चच्या उजेडात बघतात. निरोगी भाग गुलाबीच राहतो, पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा चट्टा उठून दिसतो. बस, झालं. पाच मिनिटं लागतात आणि रिपोर्टची वाट बघत बसायला नको. पांढरा डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुढे दुर्बिणीतून बघतात, लागलं तर तुकडा तपासायला पाठवतात, आणि कॅन्सरच्या आधीचा बिघाड असेल तर बऱ्याचदा तो शेकून किंवा गोठवून तिथल्या तिथे काढता येतो, पिशवीला हात लावावा लागत नाही.

एवढ्या साध्या तपासणीने काय होतं ते आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने दहावी झालेल्या स्थानिक बायकांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून व्हीआयए करून घेतलं, दीड लाख बायकांचा अभ्यास होता तो, आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आणि उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला, त्यात ज्या गावांत एचपीव्ही टेस्ट फक्त एकदा, आयुष्यात एकदा केली तिथे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे छापून आल्यावर जगभर धोरणं बदलली. आणि आपल्याच बायका अजून टेबलावर झोपायची लाज वाटते म्हणून राहतात, याचं वाईट वाटतं. लाज वाटत असेल तर एचपीव्ही टेस्टचा नमुना स्वतःचा स्वतः पण घेता येतो, कुठे सोय आहे ते विचारा.

प्रश्न : मामी ३८ वर्षांची, ऊसतोडीला जाते. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. तालुक्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली, पिशवीला सूज आहे, काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल म्हणाले. पैसे मुकादमाकडून उचल घेऊन भरायचे ठरलंय. मामीला लस देऊन भागेल का? – बीड

बाळा, आधी ते ऑपरेशन थांबव. मामीला हे उत्तर वाचून दाखव.

पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साधं इन्फेक्शन असतं, गोळ्यांनी बरं होतं, कधीकधी नवऱ्यालाही सोबत गोळ्या घ्याव्या लागतात. फडात पाणी नाही, संडास नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही, बारा-चौदा तास काम, मोळ्या उचलायच्या, अशात पांढरं जाणार नाही आणि कंबर दुखणार नाही तर काय होईल. त्यावर पिशवी काढणं हा उपाय नाही.

आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सोनोग्राफीवर ठरवत नाहीत. स्पेक्युलम घालून डोळ्यांनी बघावं लागतं, व्हीआयए, पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट करावी लागते आणि संशय वाटला तर तुकडा तपासावा लागतो. यातलं काहीच न करता कॅन्सरची भीती घातली असेल तर त्या कागदावर अंगठा देऊ नका. आणि खरंच कॅन्सर निघाला तर त्याचं ऑपरेशन वेगळं असतं, किंवा रेडिएशन लागतं, साधी पिशवी काढली तर उलट पुढचा इलाज अवघड होऊन बसतो.

तुमच्या जिल्ह्यात हे किती झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, त्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. सोबत अंडाशयही काढली तर पाळी अचानक जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, काम होत नाही, आणि उचल मात्र फेडायची राहतेच. एवढं सोसून त्या बायकांना सांगितलं गेलं की तुमचा कॅन्सर टाळला. मला याचा संताप येतो.

मामीला बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला ने, स्त्रीरोगाच्या ओपीडीत पिशवीच्या तोंडाची तपासणी करायची आहे असं स्पष्ट सांग. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात, उचल घ्यायची गरज नाही. आता वाट न बघता जायचं केव्हा तेही सांगून ठेवते, संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जात असेल किंवा पांढऱ्याला घाण वास आणि रक्ताची झाक असेल तर त्याच आठवड्यात जायचं.

लस मामीच्या आत्ताच्या त्रासावर चालणार नाही. मामीला ९ ते १४ ची मुलगी असेल तर तिला मात्र कारखान्याला निघायच्या आधी लस देऊन टाक, सहा महिने पुन्हा गावात कोण असतं.

प्रश्न : मला मुलगा आहे, १३ वर्षांचा. त्याला द्यावी का? – कोल्हापूर

देऊ शकता दादा, मुलांनाही मंजूर आहे. घशाच्या मागच्या भागाचे, गुदद्वाराचे, लिंगाचे काही कॅन्सर आणि चामखिळी टळतात आणि पुढे त्याच्या बायकोला इन्फेक्शन जाण्याचा धोका कमी होतो. घरात मुलगा-मुलगी दोघं असतील आणि एकाचेच पैसे असतील तर आधी मुलगी. आणि त्याला तंबाखू-गुटख्यापासून लांब ठेवा, आपल्याकडे पुरुषांच्या तोंडाच्या कॅन्सरचं मोठं कारण तेच आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये असतो. मुलीच्या शाळेतून एचपीव्हीचं संमतीपत्र आलंय, एकच डोस लिहिलाय. भारतात आलो की दुसरा द्यावा का? – रेडिंग

गरज नाही. तिकडे सप्टेंबर २०२३ पासून अधिकृतरीत्या एकच डोस आहे. सही करून पाठवा. इंग्लंडने २००८ मध्ये शाळांतून लस सुरू केली, आणि १२-१३ व्या वर्षी ज्यांना लस मिळाली त्या मुलींमध्ये पुढे हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये दिसलं. इथल्या तुमच्या भाचीला-पुतणीला मिळाली का तेवढं फोनवर विचारा.

छोटे छोटे प्रश्न, बऱ्याच जणींचे

पहिला डोस झाला, दुसऱ्याला वर्ष उलटून गेलं, पुन्हा पहिल्यापासून का? नाही, राहिलेला घेऊन टाका. उलट दुसरा पाच महिन्यांच्या आतच झाला असेल तर डॉक्टरांना सांगा, आणखी एक लागेल.

पाळी चालू असताना घेतली तर चालते का? चालते.

ताप असेल तर? चांगला ताप असेल तर उतरू दे. साधं सर्दी-पडसं असेल तर घ्या.

पहिला डोस घेतला आणि नंतर कळलं दिवस राहिलेत. घाबरू नका, बाळाला धोका दिसलेला नाही, यासाठी गर्भपात तर अजिबात करायचा नाही. उरलेले डोस बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही चालतात.

लस घेतल्यावर मैत्रीण चक्कर येऊन पडली. या वयात मुली सुई बघूनच घाबरतात, काही खाल्लेलं नसतं, त्यात शाळेत एकीला चक्कर आली की बघून दुसरीला येते. खाऊन जायचं, बसून किंवा आडवं होऊन घ्यायची आणि नंतर १५ मिनिटं तिथेच बसायचं. दंड दुखतो, थोडा सुजतो, कुणाला एखादा दिवस कणकण येते, पॅरासिटामॉल पुरते.

लस घेतली की पुढे तपासणी नको ना? हवी. लस सगळे प्रकार अडवत नाही, तिशीनंतर तपासणी सगळ्यांनीच करायची.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, पुण्यात हॉस्टेलवर राहते. बॉयफ्रेंड आहे. घरी हे काहीच माहीत नाही. मला लस घ्यायचीय पण डॉक्टर काय काय विचारतील, घरी कळवतील का, आणि आता घेऊन उपयोग आहे का? – पुणे

अगं उपयोग आहे, नक्की घे. संबंध आले असतील तरी लसीतले सगळे प्रकार तुला होऊन गेलेत असं होत नाही, जे झालेले नाहीत त्यांच्यापासून संरक्षण मिळतंच. लसीआधी कुठलीही टेस्ट लागत नाही.

१८ पूर्ण झालेत म्हणजे परवानगी तुझी तूच द्यायचीस, घरच्यांची सही लागत नाही आणि तुला न विचारता डॉक्टरांनी घरी कळवायचं नसतं. विचारतील ते असं, वय किती, कसली ॲलर्जी आहे का (यीस्टची असेल तर सांगायची, लस यीस्टमधे बनते), आधीच्या कुठल्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, दिवस राहिलेत का. लग्न झालंय का असं कुणी विचारलंच तर नाही म्हण, एवढं पुरे. लस द्यायला त्याहून जास्त माहिती लागत नाही, आणि कुणी लेक्चर द्यायला लागलं तर उठून दुसऱ्या दवाखान्यात जा, पुण्यात डॉक्टरांची कमी नाही. संबंधांबद्दल काही विचारायचं असेल, काही त्रास असेल तर मात्र मोकळेपणाने बोल, आम्ही त्यासाठीच बसलोय.

तुझ्या वयाला आपल्याकडे तीन डोस, आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. पैशाची अडचण असेल तर तसं सांग, जागतिक आरोग्य संघटना २० वर्षांपर्यंत एक किंवा दोनही मान्य करते, काहीच न घेण्यापेक्षा एक घेतलेला लाखमोलाचा. कंडोम वापरत रहा, एचपीव्ही त्याने पूर्ण अडत नाही कारण तो आजूबाजूच्या त्वचेतूनही जातो, पण धोका कमी होतो आणि बाकीचे आजार आणि नको असलेलं गरोदरपण टळतं. लसीचं कार्ड हरवतं म्हणून फोटो काढून मेलवर टाकून ठेव, आणि पुढचा पेपर असेल तर लिहायचा हात सोडून दुसऱ्या दंडात घे, एक-दोन दिवस जड राहतो.